दिवे मी शांत करते: इराणमधल्या अर्मेनियन लेखिका झोया पीरजाद कशा वाचाव्यात

इराण बातम्यांत आला की आपल्या डोळ्यांपुढे तीच ती चित्रं येतात. तेलाच्या विहिरी, अणुकार्यक्रम, निर्बंध, काळ्या चादरीतल्या बायका, पगडीवाले धर्मगुरू. त्या चित्रांत चर्चची घंटा नसते. ईस्टरसाठी अंडी रंगवत बसलेली मुलं नसतात. मुलांची शाळेची बस दारात थांबायच्या आत दूध-खाणं मांडून ठेवणारी, ‘-यान’वर संपणाऱ्या अर्मेनियन आडनावाची गृहिणी तर नसतेच नसते.

म्हणून झोया पीरजाद यांच्या कादंबरीबद्दल कुणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न हमखास येतो: “इराणमध्ये ख्रिश्चन?” त्यामागून दुसरा: “अर्मेनियन म्हणजे आर्मेनिया देशातले ना? मग त्या इराणी कशा?” आणि तिसरा: “मग त्या लिहितात कुठल्या भाषेत?” हे गोंधळ अगदी स्वाभाविक आहेत. ते एकेक करून सोडवत गेलो की ही लेखिका काय करते हेही कळत जातं.

आधी थोडक्यात ओळख. झोया पीरजाद यांचा जन्म 1952 साली इराणच्या दक्षिणेला, आबादान या तेलाच्या शहरात झाला. आई अर्मेनियन, वडिलांचं घराणं मूळचं रशियाकडचं. शाळा आबादानमध्ये, पुढचं आयुष्य तेहरानमध्ये. 1990च्या दशकात तीन छोटे कथासंग्रह आले, 2001 मध्ये ‘दिवे मी बंद करते’ अशा अर्थाच्या नावाची पहिली कादंबरी आली आणि त्या कादंबरीने त्यांना इराणभर घरोघरी नेलं. 2004 मध्ये दुसरी कादंबरी. शिवाय लुईस कॅरलची ‘अ‍ॅलिस’ त्यांनी फारसीत आणली आणि जपानी हायकूंचाही अनुवाद केला. पुस्तकं संख्येने मोजकी, अंगाने सडपातळ.

अर्मेनियन इराणमध्ये आले कुठून?

अर्मेनियन लोकांचा मूळ मुलूख म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधला डोंगराळ पट्टा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांच्या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप माश्तोत्स या विद्वान भिक्षूने त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी घडवली. स्वतःचं चर्च आणि स्वतःची लिपी, या दोन गोष्टी अर्मेनियन माणूस जाईल तिथे घेऊन जातो. जावं तर पुष्कळदा लागलं, कारण हा मुलूख दोन बलाढ्य साम्राज्यांच्या मध्ये होता. पश्चिमेला उस्मानी तुर्क, पूर्वेला इराणचे सफवी.

1604 साली या दोघांच्या युद्धात इराणचा राजा शाह अब्बास याने आरास नदीकाठचा प्रदेश रिकामा करायला लावला. तुर्की फौजेला धान्याचा दाणा किंवा छप्पर मिळू नये, हा हिशेब. त्या नदीकाठी जुल्फा नावाचं श्रीमंत अर्मेनियन व्यापाऱ्यांचं शहर होतं. तिथल्या लोकांना हुसकावून शेकडो मैल लांब इस्फहानला नेलं. वाटेत किती माणसं मेली असतील याचा विचारही नको वाटतो. पण राजाला रेशमाच्या व्यापारासाठी हीच माणसं हवी होती. म्हणून इस्फहानजवळ, झायंदे नदीपलीकडे, त्यांना नवी वसाहत बांधू दिली. तिचं नाव नवं जुल्फा. ज्याने घर उठवलं त्यानेच नवं घर दिलं. इराणी अर्मेनियनांच्या मनातलं ‘आपण इथलेच’ आणि ‘आपण इथले नाही’ हे दोन्ही मला त्या एका घटनेत सापडतं.

नव्या जुल्फात 1630च्या दशकात छापखाना सुरू झाला. इराणच्या भूमीवर त्याआधी कुणी पुस्तक छापलं नव्हतं. इथलेच व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्ता असे पसरले. मुंबईच्या फोर्ट भागात आजही अर्मेनियन चर्च उभं आहे, आणि जगातलं पहिलं अर्मेनियन नियतकालिक, ‘अझ्दारार’, 1794 साली निघालं ते मद्रासहून. तेव्हा हा समाज आपल्याला वाटतो तितका परका नाही. तो आपल्या बंदरांतून वावरलेला आहे.

पुढे 1915 मध्ये उस्मानी साम्राज्यात अर्मेनियनांचा वंशसंहार झाला. त्यातून वाचलेली काही कुटुंबंही इराणात आली. 24 एप्रिल हा त्या संहाराचा स्मृतिदिन. पीरजाद यांच्या कादंबरीतही तो दिवस येतो.

इराणी, ख्रिश्चन आणि अर्मेनियन: तिन्ही एकाच वेळी?

तंजावरच्या मराठी कुटुंबांचा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी, दारात तमिळ. त्यांना “तुम्ही नक्की कुठले?” असं विचारलं तर ते एका शब्दात उत्तर देऊ शकणार नाहीत, आणि त्यांना तसं उत्तर द्यायला लावूही नये. इराणी अर्मेनियनांचं असंच आहे, फक्त तिथे भाषेबरोबर धर्म आणि लिपीही वेगळी. घरात अर्मेनियन, बाजारात फारसी. रविवारी चर्च. मुलं अर्मेनियन शाळेत. या शाळा इराणचा तेव्हाचा राजा रजा शाह याने 1930च्या दशकात बंदही करून पाहिल्या होत्या. 1940च्या दशकात त्या पुन्हा सुरू झाल्या.

मूळ मुलखातून पांगून जगभर वस्त्या केलेल्या अशा समाजाला ‘डायस्पोरा’ म्हणतात. पांगलेला समाज, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र सरळ काळं-पांढरं नाही. इस्लामी प्रजासत्ताकाच्या घटनेने ख्रिश्चन, ज्यू आणि झरथुष्ट्री यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे. संसदेच्या 290 जागांपैकी 5 त्यांच्यासाठी राखीव असून त्यातल्या 2 अर्मेनियनांच्या आहेत, एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची. चर्च, शाळा, क्लब चालू शकतात. पण मुसलमान स्त्रीशी बिगरमुसलमान पुरुषाला लग्न करता येत नाही, आणि मृताच्या वारसांत एक जरी मुसलमान असेल तर बिगरमुसलमान वारसांचा हक्क जातो. म्हणजे जागा आहे, पण तिच्याभोवती कुंपण आहे. कुंपणाच्या आत राहिलात तर कुणी त्रास देणार नाही. ते कुंपण आतल्या माणसांनीही तितक्याच जिवापाड जपलेलं असतं, आणि पीरजाद यांची नजर नेमकी तिथे जाते.

आबादान: कंपनीने आखलेलं गाव

कादंबरी समजायला हे शहर समजलं पाहिजे. 1908 साली मस्जिद सुलेमान नावाच्या ठिकाणी तेल लागलं. ते शुद्ध करायचा कारखाना इंग्रजांच्या कंपनीने शत्तुल अरब नदीवरच्या आबादान बेटावर उभारला, आणि 1912च्या सुमारास तो सुरू झाला. पुढे तो जगातल्या सर्वांत मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांपैकी एक बनला. सुरुवातीच्या दशकांत तिथे हजारो भारतीय कामगार होते. त्यांच्यासाठी बांधलेली मशीद आजही ‘रंगूनवाल्यांची मशीद’ म्हणून ओळखली जाते.

शहर कंपनीने हुद्द्यांप्रमाणे वाटून टाकलं होतं. ब्रेइम भागात बडे साहेब, बवार्दात त्याखालचे अधिकारी, कामगारांच्या वस्त्या वेगळ्या. आपल्याकडे रेल्वेच्या किंवा जुन्या कारखान्यांच्या कॉलनीत जे वाढलेत त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. बंगल्याच्या आकारावरून हुद्दा कळतो, बागेच्या कुंपणावरून पगार कळतो, आणि कोण कुठल्या क्लबात जातं यावरून उरलेलं सगळं. 1951 मध्ये पंतप्रधान मुसद्दिक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, 1953 मध्ये त्यांना उलथवण्यात आलं. इंग्रज साहेब गेले, पण कॉलनीची आखणी तशीच राहिली आणि त्या बंगल्यांत इराणी अधिकारी राहायला आले. त्यांत अर्मेनियनही पुष्कळ होते.

कादंबरी घडते ती 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, याच बवार्दात. वाचताना आपल्याला एक गोष्ट माहीत असते जी पात्रांना माहीत नसते: 1980 साली इराण-इराक युद्ध सुरू होईल आणि हे शहर वेढ्यात अडकून उद्ध्वस्त होईल. पीरजाद त्याचा एका अक्षराने उल्लेख करत नाहीत. त्यांना फुलझाडं, उकाडा, सिनेमागृह, मुलांचे गणवेश तेवढे सांगायचे असतात. जे शहर उरलेलं नाही त्यातली साधी दुपार जशीच्या तशी ठेवून देणं, यात किती माया आहे ते दुसऱ्यांदा वाचताना जाणवतं.

कादंबरीत घडतं तरी काय?

वरवर पाहिलं तर फार थोडं. निवेदिका क्लारिस ऐवाझियान, वय अडतिशीतलं. नवरा आर्तूश तेल कंपनीत अधिकारी, डाव्या विचारांचा. हुद्द्याप्रमाणे ब्रेइममध्ये बंगला मिळू शकतो, पण तत्त्वासाठी तो बवार्दातच राहतो. त्या तत्त्वाची किंमत घर चालवणाऱ्या बाईला किती पडते हे त्याच्या ध्यानात येत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा आर्मेन, जुळ्या मुली आर्मीने आणि आर्सीने. लग्न जमत नाही म्हणून खाण्यावर आणि बोलण्यावर घसरलेली बहीण आलिस, आणि कोपऱ्यातली धूळ बोटाने तपासणारी आई. पहिल्याच ओळीत शाळेच्या बसचा ब्रेक ऐकू येतो. तो आवाज म्हणजे क्लारिसचं घड्याळ.

मग समोरच्या घरात एक कुटुंब राहायला येतं. एलमिरा सिमोनियन ही ठेंगणी, हुकमी, दागिन्यांनी मढलेली वृद्धा. तिचा मुलगा एमील आणि नात एमिली. एमील पुस्तकं वाचतो, फुलझाडांत रमतो आणि, हे सर्वांत महत्त्वाचं, क्लारिसला विचारतो की तुम्हाला काय वाटतं. गेली कित्येक वर्षं तिला हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. मुलांनी विचारलेलं असतं, माझा शर्ट कुठे आहे. नवऱ्याने विचारलेलं असतं, जेवायला काय आहे.

पुढे काय होतं ते मी इथे फोडणार नाही. एवढंच सांगते की ज्या वाचकाला यात प्रेमप्रकरण हवं असेल त्याची निराशा होईल. एमीलला एके दिवशी क्लारिसशी काहीतरी महत्त्वाचं बोलायचं असतं. याच सुमारास गावावर टोळधाड येते, आकाश काळवंडतं आणि हिरवं म्हणून काही उरत नाही. दुसरा एखादा लेखक या ठिकाणी बाईच्या मनातल्या वादळावर दोन पानं लिहील. पीरजाद टोळांबद्दल लिहितात आणि थांबतात. मन कसं ओरबाडून निघालं ते ती बाग पाहून आपल्याला कळतं.

आणखी एक पात्र विसरू नये. नूरुल्लाही बाई, आर्तूशच्या कार्यालयातली सचिव, मुसलमान. ती बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी काम करते आणि क्लबात भाषण देते. इराणी स्त्रियांना मताचा हक्क मिळाला 1963 साली, म्हणजे ही गोष्ट त्याच्या उंबरठ्यावरची आहे. नोकरी, मुलं, चळवळ, सगळं ती पेलते. क्लारिसला आधी तिच्याबद्दल अवघडलेपण वाटतं, मग कुतूहल. बाईला बाई भेटते आणि मधलं धर्माचं अंतर थोडं कमी होतं. पूर्ण मिटत मात्र नाही. लेखिकेने ते मिटवलं असतं तर पुस्तक गोड झालं असतं आणि खोटंही.

शीर्षक फारसी, पण आपल्याला अर्धं कळतं

मूळ नाव आहे ‘चेराग-हा रा मन खामूश मीकोनम’. चेराग म्हणजे चिराग. खामूश म्हणजे खामोश. ‘दिवे मी बंद करते’ असा त्याचा सरळ अर्थ. रोज रात्री झोपायच्या आधी नवरा-बायकोत ठरलेलं बोलणं होतं: दिवे तू घालवतेस की मी? आणि ज्याची पाळी तो उत्तर देतो, मी. कधी नवरा, कधी बायको. सतरा-अठरा वर्षांच्या संसारातलं सगळं अंतर आणि सगळी सवय त्या एका वाक्यात आहे.

इंग्रजी अनुवादाने, फ्रँकलिन लुईस यांच्या 2012 सालच्या, नाव बदलून ‘जे बोलायचं राहून गेलं’ अशा अर्थाचं ठेवलं. वाईट नाही, कारण कादंबरी त्याबद्दलच आहे. पण मराठी वाचकाला मूळ नाव अधिक जवळचं पडावं. फारसीत दिवा बंद करणं आणि माणूस गप्प होणं याला एकच शब्द आहे, खामूश. आणि आपल्याकडे? देवापुढचा दिवा “विझव” म्हणू नये, “शांत कर” म्हणावं, असं घरातल्या मोठ्यांनी आपल्याला शिकवलेलं असतं. दिवाही शांत होतो, माणूसही शांत होतो. फारसीतला तो दुहेरी अर्थ मराठीत काहीही न गमावता उतरतो. ‘दिवे मी शांत करते’ असं म्हटलं की त्यात झोपायची वेळही येते आणि रोज स्वतःला गप्प करणारी बाईही येते.

माझ्या मते पीरजाद यांच्या सगळ्या लेखनाची किल्ली इथे आहे. गप्प राहणं हे क्लारिसचं गृहिणी म्हणून कौशल्य आहे. सासर, माहेर, मुलं, शेजार, सगळ्यांना सांभाळायचं तर अर्धं गिळावं लागतं. आणि पांगलेल्या समाजाचंही तेच कौशल्य असतं. बहुसंख्यांच्या देशात चारशे वर्षं टिकायचं तर काय बोलायचं, कुणापुढे बोलायचं, कुठल्या भाषेत बोलायचं, याचं भान अंगात मुरावं लागतं. पीरजाद यांनी या दोन शांतता एका घरात, एका बाईत एकत्र आणली.

“पण हे तर स्वयंपाकघरातलं लेखन झालं!”

हा आक्षेप इराणमध्येही घेतला गेला. स्त्रियांच्या घरगुती कथांना तिथे ‘स्वयंपाकघरी साहित्य’, ‘फ्लॅटमधलं साहित्य’ अशी हिणवणारी नावं पडली. क्रांती, तेल, युद्ध हे मोठे विषय, आणि भाजी चिरणं हा छोटा, असा त्यामागचा समज.

याला पीरजाद यांनी आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं असं मला वाटतं. 1991 सालच्या पहिल्या संग्रहात ‘सशाची आणि टोमॅटोची गोष्ट’ नावाची अगदी लहान कथा आहे. एक बाई रोज ठरवते की आज एक गोष्ट लिहायची. मग स्वयंपाक येतो, घर येतं, दिवस जातो. गोष्ट लिहायची राहते, आणि ती कशी राहिली हीच गोष्ट होते. (टोमॅटोला फारसीत ‘गोजे-फरंगी’ म्हणतात, फिरंग्यांचा आलुबुखार. तो ‘फरंगी’ आपल्या ‘फिरंगी’चा सख्खा भाऊ.) ज्यांच्या दिवसाचे असे तुकडे पडतात त्यांच्याबद्दल लिहिताना तुकड्यांनीच लिहावं लागतं. तीन-चार पानांत संपणाऱ्या त्या कथा म्हणजे दोन कामांमधली फट आहे.

आणि राजकारण नाही असं कसं म्हणायचं? आर्तूशचे मित्र दिवाणखान्यात दबक्या आवाजात बोलतात तेव्हा चहा कोण नेऊन देतं? हुद्द्याने आखलेल्या कॉलनीत कुणाची मुलं कुणाच्या अंगणात खेळायची हे कोण ठरवतं? कारखान्याबद्दल लिहिलं तर राजकारण आणि त्याच कारखान्याच्या क्वार्टरबद्दल लिहिलं तर स्वयंपाकघर, हा भेद मला मान्य नाही.

“अर्मेनियन आहेत, तर अर्मेनियन भाषेत का नाही लिहीत?”

हा प्रश्न सहानुभूतीने विचारला जातो, पण तो चुकीच्या जागी उभा आहे. अर्मेनियन भाषेत लिहिलं असतं तर अर्मेनियनांनी वाचलं असतं, म्हणजे ज्यांना हे घर आतून ठाऊकच आहे त्यांनी. फारसीत लिहिल्यामुळे बहुसंख्य शेजाऱ्याला पहिल्यांदाच या घरात पाहुणा म्हणून यावं लागलं. त्याआधी फारसी साहित्यात आणि पडद्यावर अर्मेनियन माणूस आला तर बहुधा कडेला यायचा: मोडकं फारसी बोलणारा, गॅरेजवाला किंवा दारूवाला. क्लारिस कडेला नाही. ती ‘मी’ म्हणून बोलते आणि तेहरानची मुसलमान वाचक तिच्यात स्वतःला पाहते.

इथे एक बारीक कसब आहे. घरातली माणसं आपापसांत अर्मेनियनच बोलत असणार, पण आपण वाचतो ते फारसी. मालवणी घरातले संवाद प्रमाण मराठीत लिहायला घेतले तर हेल आणि ठसका कसा राखायचा हा प्रश्न पडतो, तसाच इथे पडला असणार. पीरजाद यांची फारसी साधी, छोट्या वाक्यांची, बोलीला जवळची. अलंकार जवळजवळ नाहीत. हजार वर्षांच्या काव्यपरंपरेने जडावलेल्या भाषेत असं अनलंकृत लिहिणं सोपं नाही.

“सेन्सॉरच्या देशात खरं लिहिता येतं का?”

इराणमध्ये पुस्तक छापायला संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाची परवानगी लागते. 1997 मध्ये मोहम्मद खातमी अध्यक्ष झाल्यावर ही पकड काही काळ सैल झाली, आणि त्याच काळात स्त्री-लेखकांची मोठी फळी वाचकांसमोर आली. सिमीन दानेश्वर यांची ‘सूवशून’ 1969 ची, इराणी स्त्रीने लिहिलेली पहिली महत्त्वाची कादंबरी. तिच्यानंतर तीस वर्षांनी ही लाट आली.

2001 मध्ये निघालेल्या पीरजाद यांच्या कादंबरीचं पुढे जे झालं ते विलक्षण आहे. हुशंग गुलशिरी हे सेन्सॉरविरुद्ध उभे राहिलेले लेखक. त्यांच्या नावाच्या स्वतंत्र प्रतिष्ठानने या पुस्तकाला वर्षातली उत्कृष्ट कादंबरी ठरवलं. आणि ज्या मंत्रालयाकडून परवानगी घ्यायची त्यानेही वर्षातलं पुस्तक म्हणून तिचाच गौरव केला. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन बाजू एका गृहिणीच्या गोष्टीवर सहमत झाल्या.

पीरजाद यांनी दोघांना खूश ठेवलं, असा याचा अर्थ कुणी काढेल. मला तो पटत नाही. पीरजाद निकाल देत नाहीत, म्हणून कापायला वाक्य सापडत नाही. जे सांगायचं ते बागेत, टोळांत, बंद केलेल्या दिव्यात असतं. शिवाय गोष्ट 1960च्या दशकातली, ख्रिश्चन घरातली. तेवढं अंतरही कामी आलं असणार. पण ही युक्ती म्हणून आली नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अर्धं न बोलता जगायचं शिकलं त्याची लेखिका असंच लिहिणार.

कुंपण आतून कसं दिसतं

आता त्या पुस्तकाकडे येते जे मला सर्वांत जास्त लागलं. ‘ईस्टरच्या आदल्या दिवशी’, 1998. एकात एक गुंतलेल्या तीन कथा आणि तिन्हींचा निवेदक एडमंड. पहिल्या कथेत तो कॅस्पियन किनाऱ्यावरच्या लहान बंदरगावातला मुलगा आहे. त्याची मैत्रीण ताहेरे, शाळेच्या शिपायाची मुसलमान मुलगी. दोघं मिळून खेळतात, फिरतात. मोठ्यांच्या भुवया मात्र वर जातात.

दुसऱ्या कथेत एडमंड बाप झाला आहे. त्याची मुलगी आलेनूश हिला बेहजाद नावाच्या मुसलमान तरुणाशी लग्न करायचं आहे. घरात आकाश कोसळतं. तिसऱ्या कथेत तो एकटा आहे, मागे वळून पाहणारा.

मराठी वाचकाला हा पेच समजावून सांगायची गरज नाही. मुलीने जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न ठरवलं की आपल्या घरांत काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. पण इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. बहुसंख्य समाजातल्या बापाला इभ्रतीची भीती असते. एडमंडच्या समाजाला संपून जायची भीती असते. मुलगी तिकडे गेली, तिची मुलं मुसलमान झाली, तर लिपी, चर्च, ईस्टरची अंडी, सगळंच एका घरात थांबलं. पीरजाद ही भीती खोटी ठरवत नाहीत. आणि त्या भीतीपायी लहानग्या मैत्रीचं आणि तरुण मुलीचं काय होतं हेही लपवत नाहीत. दोन्ही बाजूंचं दुःख खरं आहे, आणि त्यांना एका तागडीत तोलायचं काम त्या आपल्यावर सोडतात.

“म्हणजे त्या फक्त अर्मेनियनांच्या लेखिका?”

नाही. 2004 सालच्या ‘आदत मीकोनीम’ या कादंबरीची नायिका आरजू अर्मेनियन नाही. ती तेहरानची, चाळिशीतली, घटस्फोटित. वडिलांमागे त्यांचा घरं-जागांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय ती चालवते. एकीकडे लाडावलेली आई, दुसरीकडे फटकळ तरुण मुलगी, दोघींचा खर्च आरजूच्या डोक्यावर. मग तिच्या आयुष्यात सोहराब हा शांत माणूस येतो, आणि आई, मुलगी, मैत्रीण, सगळ्यांना अचानक तिची काळजी वाटू लागते. ज्या बाईने सगळ्यांना घरं शोधून दिली तिला स्वतःची जागा मागायची वेळ येते. ‘आदत मीकोनीम’ म्हणजे ‘आपल्याला सवय होईल’. तिला, की तिच्या घरच्यांना, ते शीर्षक सांगत नाही.

कादंबरी म्हणून ही पहिलीइतकी घट्ट नाही असं मला वाटतं. पण तेहरानची रहदारी, दुकानं, बायकांची मैत्री यांसाठी ती वाचावी. ‘खोरमालूची तुरट चव’ हा 1997 चा कथासंग्रहही मुख्यतः अर्मेनियन नसलेल्या इराणी संसारांबद्दलच आहे. फ्रेंच अनुवादात त्याला 2009 मध्ये ‘कूरिए अँतेरनास्योनाल’ या फ्रेंच साप्ताहिकाचा उत्कृष्ट परदेशी पुस्तकाचा पुरस्कार मिळाला. खोरमालू हे नारिंगी फळ कच्चं असताना जीभ ओढून घेतं आणि पूर्ण पिकल्यावरच गोड लागतं. आपल्याकडे काही ठिकाणी ते ‘रामफळ’ म्हणून खपवतात, पण ते रामफळ नव्हे.

सुरुवात कुठून करावी?

फारसी येत नसेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच अनुवादांवर भिस्त. क्लारिसची कादंबरी इंग्रजीत आहे, एडमंडच्या तीन कथाही आहेत. क्लारिसपासून सुरुवात करा. पहिली पन्नास पानं नावं डोक्यात बसत नाहीत. एका कागदावर कोण कुणाचं कोण ते लिहून ठेवा, विशेषतः आर्मेन, आर्मीने, आर्सीने या तिघांसाठी. वाचताना कुठे कुठे दिवे लागतात आणि कोण ते बंद करतं इकडे लक्ष ठेवा. आणि पुस्तक संपल्यावर पुन्हा पहिल्या पानावर जा, जिथे दुपारची वेळ आहे, बसचा ब्रेक वाजतो आहे, आणि क्लारिसला अजून समोरच्या घरातलं कुणीच माहीत नाही.